गेली की मेली

आई दिवसभर कुणाला ना कुणाला ‘मेली’ म्हणायची. चूल पेटली नाही की चूल मेली, दार करकरलं की दार मेलं, वेणी घालताना मी डोकं हलवलं की मी मेली. तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, पोटच्या पोरीला मेली म्हणते! पण आमच्या वर्धा-नागपूरकडच्या बायकांची माया अशीच असते. उलट ज्या दिवशी आई मला ‘बाळ’ म्हणायची त्या दिवशी मीच घाबरायचे, काहीतरी बिनसलंय म्हणून.

गाईला तर दुसरं नावच नव्हतं. आईच्या माहेराहून आलेली ती पांढरी गवळाऊ गाय. कुणी तिला नाव ठेवायला बसलंच नाही. आई अंगणात उभी राहून ‘ये वं मेले’ म्हणायची आणि दूर माळावर चरणारी ती गाय मान वर करून चालत यायची. तिच्या गळ्यात पितळेची घंटी होती. घंटीतला लोलक कधीतरी पडून गेला, तेव्हा बाबांनी तिथं रुळाच्या कामातला एक लोखंडी नट सुतळीनं बांधून दिला. त्यामुळे ती किणकिणत नसे. ठक वाजायची, मग जरा थांबून पुन्हा ठक. दहा गावची गुरं एकत्र आली असती तरी आमची घंटी मी ओळखली असती.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आईच्या जिभेवर काळा तीळ होता. शेजारच्या काकू त्या तिळाला फार भ्यायच्या. ‘तुमी बोलता ते होते वं बाई, जरा तोंड सांभाळत जा,’ असं त्या आईला तोंडावर सांगायच्या. बाबा हसायचे. म्हणायचे, ‘कावळा बसाले अन् फांदी मोडाले! काही तीळ-बीळ नाई.’ आई वरवर हसायची, पण तिन्हीसांजेला मात्र जपून बोलायची. त्या वेळी वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. दिवा लागला की घरात अभद्र शब्द नाही. तेल संपलं म्हणायचं नाही, तेल वाढलं म्हणायचं. कुणी निघालं तर जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. मी आजही तसंच करते आणि माझी सून गालातल्या गालात हसते. हसू दे मेलीला.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा भिलाई म्हणण्यासारखं काही नव्हतंच. स्टेशन होतं, थोडी खेडी होती आणि पोलादाच्या कारखान्याचं काम सुरू झालं होतं. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. सिमेंट, लोखंड, मोठमोठ्या खोक्यांतली मशिनरी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आम्हाला स्टेशनामागच्या टिनाच्या शेडीत एक बिऱ्हाड मिळालं होतं. भाजीपाला आणायचा तर सुपेल्याच्या बाजारात. बाकी जिकडे बघावं तिकडे लाल मुरूम आणि खड्डे. भरावासाठी मुरूम खणून न्यायचे, पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरायचा, मग वरून साय धरल्यासारखी माती सुकायची आणि खाली गाळ तसाच राहायचा. माणसाला कळायचं, जनावराला कसं कळणार? खेड्यांतली किती गुरं त्यात गेली.

‘गेली’. हा बघा, माझ्याही तोंडात हाच शब्द आला.

त्या संध्याकाळी आई धार काढायला बसली होती. गाय नुकतीच व्यालेली, कालवड झाली होती, काळ्याभोर डोळ्यांची. गाईनं लाथ मारली आणि पातेलं कलंडलं. सगळं दूध मुरमात. दिवा लागला होता, तुळशीपुढे पणती जळत होती, मी शुभंकरोती म्हणत होते. आई उठली, गाईच्या पाठीवर एक चापट मारली, दावं सोडलं आणि म्हणाली, ‘जाय तिकडं, मर एकदाची, मेले!’

गाय गेली. रोज जायची तशीच, मान हलवत, ठक... ठक.

अंधार पडायच्या आत एक रेजा धावत आली. रेजा म्हणजे खणकामावर टोपली वाहणारी बाई, जवळच्याच खेड्यातली. धापा टाकत म्हणाली, ‘दाई, तोर गाय ह चिखला म धंस गे.’ बाबा ड्यूटीवर होते. आई आणि मी पळालो. खड्ड्याशी पोचलो तेव्हा वरची माती एका ठिकाणी फाटलेली होती आणि तिथून बुडबुडे येत होते. एवढंच. मी आईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता, जणू काही बाहेर पडू नये म्हणून.

पुढच्या दोन-चार दिवसांत त्या खड्ड्यात भराव पडला. ट्रकमागून ट्रक येऊन माती ओतून गेले, वर रोलर फिरला. सपाट. हाड नाही, शिंग नाही, काही म्हणजे काही नाही.

कालवड मात्र उरली. सगळी लढाई पुढे त्या पोरकीसाठी झाली, हे लक्षात ठेवा. ती दूध पीतच नव्हती. सुपेल्याच्या गवळ्याकडून दूध आणलं, बाटलीनं पाजून पाहिलं, चमच्यानं, बोट भिजवून, तोंडात वाटी उलटी करून. दूध एका बाजूनं जायचं आणि दुसऱ्या बाजूनं गळायचं. बरगड्या मोजता येतील अशी झाली. मग उभं राहणंही सोडलं. काकू म्हणाल्या, ‘बिनामायचं वासरू. हिले गाय पायजे. आचळ पायजे. नाई तं...’ आणि त्यांची नजर आईकडे वळली.

गाय मिळण्याची सोय होती. गुरं बुडतात म्हणून खेड्यांतल्या लोकांनी खणकामाच्या ठेकेदाराच्या ऑफिसापुढे धरणं धरलं होतं, तेव्हा ठेकेदारानं कबूल केलं होतं की ज्याचं जनावर खड्ड्यात मरेल त्याला जनावराच्या बदल्यात जनावर. ऑफिसमागच्या गोठ्यात त्यानं त्यासाठी गुरं आणून बांधली होती. बाबा स्वतः बघून आले. एक तांबडी गाय होती, ताजी व्यालेली, वासरू दगावलेली. दिवसभर हंबरत होती म्हणे. बाबा घरी येऊन म्हणाले, ‘आपल्या पोरीसाठीच उभी आहे असं वाटते.’ आईच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं. बाबांनी लगेच अर्ज दिला.

चौकशीला ऑफिसचा बाबू आला तो नेमका दुपारी, बाबा धक्क्यावर असताना. आईची हिंदी म्हणजे काय सांगू! मराठीलाच जरा वाकवून ती हिंदी करायची. बाबूनं विचारलं, ‘गाय मर गई क्या?’

आईनं मान खाली घातली. म्हणाली, ‘गई.’

‘कहाँ गई?’

‘उधर. गड्ढे के तरफ.’

‘फिर वापस आई?’

‘अब कैसी आयेगी,’ आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

बाबूनं लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला. भला माणूस होता, चहाला ‘बढ़िया’ म्हणाला. आठवड्यानं उत्तर आलं: अर्ज नामंजूर. अर्जदाराच्या पत्नीच्याच सांगण्याप्रमाणे गाय मेलेली नाही, निघून गेलेली आहे. भटक्या जनावराची भरपाई मिळत नाही. परत आल्यास बांधून ठेवावे.

बाबांनी डोक्यावर हात मारला. ‘अवो, तो हिंदीवाला! त्याले तुमचं गेलं म्हंजे काय, कसं कळन? मेली म्हणाले काय होत होतं? दिवसातून पन्नास खेपा म्हणता!’

मला ठाऊक होतं ती तसं का म्हणाली नाही. दिवेलागणीला तिनं गाईला मर म्हटलं होतं आणि वास्तूनं तथास्तु म्हटलं होतं. त्या दिवसापासून तो शब्द तिनं उच्चारलाच नव्हता. दार करकरलं तरी ती दाराला काही म्हणत नव्हती. घर असं चिडीचूप झालं होतं की मलाच ओरडावंसं वाटायचं.

आता ते सांगते, जे मी फार लोकांना सांगत नाही. सांगितलं की लोक ‘अच्छा, अच्छा’ म्हणतात आणि विषय बदलतात. मी भूतखेत मानणारी बाई नाही. अमावास्येला नखं कापते. पण ऐकलं ते ऐकलं.

ते उत्तर आलं त्याच संध्याकाळी आई कालवडीजवळ दुधाची वाटी घेऊन बसली होती. पणती लावून झाली होती. कालवड मान टाकून पडली होती. एकाएकी तिनं कान टवकारले. मग मान उचलली. मग मला ऐकू आलं.

ठक. जरा थांबून, ठक.

आवाज भरावाच्या बाजूनं येत होता. हळूहळू, चरत चरत गाय यावी तसा. आमच्या शेडींच्या पलीकडे एक बाभूळ होती, तिथपर्यंत आला आणि तिथंच वाजत राहिला. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं दुधात बोटं बुडवली आणि कालवडीच्या तोंडात दिली, आणि ती पोर चुटूचुटू चोखू लागली. किती दिवसांनी! आवाज होता तोवर चोखत राहिली. आवाज थांबला आणि तिनं मान टाकली.

मग रोज तेच. रोज दिवा लागला की. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, क्रेनच्या साखळीला काहीतरी लटकलं असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाची गाय असेल. ते स्वतः त्या वेळी धक्क्यावर असायचे, त्यांना काय? काकूंनी मात्र खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. ‘कागदावर जित्ती आहे ना ते,’ त्या मला म्हणाल्या, ‘मंग येईनच.’

आई बाभळीखाली टोपलंभर कडबा ठेवायला लागली. सकाळी टोपलं रिकामं असायचं. आता तिथं गावची गुरं फिरतात, कुणीही खाल्लं असेल. मी नाही म्हणत नाही.

एकदा मला राहवलं नाही. आवाज बाभळीशी येऊन थांबला होता, अंधुक उजेड होता, झाडाखाली काही पांढरं होतं की नव्हतं तेही कळत नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं, ‘ये वं...’ आणि आईनं झटकन माझ्या तोंडावर हात दाबला. तिच्या हाताला दुधाचा आणि कोंड्याचा वास येत होता.

‘बलावू नको,’ ती कुजबुजली.

‘कावून? आली तं बरंच आहे ना!’

‘येईन ते तेच राहीन, हे कोनी सांगितलं तुले?’

त्यानंतर मी कधी तोंड उघडलं नाही.

पण बोटं चोखून वासरू जगत नाही. कालवड दिवसेंदिवस खंगत होती. तिकडे तांबडी गाय गोठ्यात हंबरत होती, आणि आणखी दोघांनी तिच्यावर अर्ज दिले होते. बाबांनी खटपट करून वरच्या साहेबाची गाठ घेतली. साहेब म्हणाला, बायकोला घेऊन या, तिच्या तोंडून ऐकतो, मग बघू. साहेब दिवसभर साइटवर असायचा. भेटायचा तो संध्याकाळीच.

वाटेत बाबा आईला शिकवत होते, ‘मर गई म्हणायचं. एवढंच. मर, गई.’ मी तिचा पदर धरून चालले होते. कालवडीजवळ काकूंना बसवलं होतं. ऑफिसची बराक अगदी त्या भरावाच्या कडेला होती. रोलर फिरवलेली लाल जमीन, तिच्यावर उतरत चाललेला उजेड. आई तिथं क्षणभर थांबली आणि माझ्या कानाशी वाकली. ‘मी मर म्हणनार नाई,’ ती म्हणाली. ‘मी तिचं नावच घेतो. वास्तूनं इचारलं तं म्हणीन, मी तं फक्त नाव घेतलं.’

मला ते फार हुशारीचं वाटलं. तेवढ्यापुरतं खरंच वाटलं की आता सगळं नीट होईल.

साहेब सभ्य होता. खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाबा बोलायला लागले तर त्यानं हात वर केला. ‘आप मत बोलिए. माताजी, आप बताइए, साफ़-साफ़. क्या हुआ गाय का?’

आईनं श्वास घेतला. इतक्या दिवसांत न उच्चारलेला शब्द तिनं उच्चारला, तोही मोठ्यानं, अंगणात उभी राहून हाक मारायची तसा.

‘मेली!’

साहेबानं भुवया उंचावल्या. मग त्याचा चेहरा उजळला. ‘मिली? अरे, मिल गई? तो फिर झगड़ा किस बात का!’

बाबा ताडकन उठले. ‘नहीं साहब, मेली मतलब...’

ठक.

खिडकीबाहेर. अगदी जवळ. जरा थांबून, ठक.

‘लीजिए,’ साहेब हसून म्हणाला, ‘आ भी गई.’ आणि फाइल बंद केली.

मी बाबांकडे पाहत होते. त्यांचा रंग उडाला होता. तो नट त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला होता, तो आवाज त्यांना ओळखू आला नसता तर कुणाला येणार? ‘मेली मतलब’च्या पुढचे शब्द त्यांच्या तोंडातच राहिले. नुसतं ‘मर गई’ म्हणायचं होतं! दोन शब्द! मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. आणि अजूनही कळत नाही की तो आवाज कानात असताना गाय मेली असं कोणत्या तोंडानं म्हणायचं होतं त्यांनी.

आम्ही बाहेर धावलो. काही नव्हतं. सपाट लाल जमीन, कडेला उभा रोलर आणि वारा. गोठ्यातून तांबडी गाय हंबरत होती. बाबा जमिनीकडे बघत दोन फेऱ्या मारून आले. आई मात्र एकदम घराच्या दिशेनं पळत सुटली. चपला तिथंच राहिल्या.

अंगणात काकू उभ्या होत्या, दोन्ही हात डोक्याला लावून.

‘गेली वं बाई,’ त्या म्हणाल्या.

आई मटकन खाली बसली. मी रडायला लागले. बाबा मागून पोचले, त्यांनी घसा खाकरून विचारलं, ‘कोठी ठेवली तिले? पुरावं लागन ना.’

‘ठेवली म्हंजे?’ काकू त्यांच्यावरच डाफरल्या. ‘मी सांगून राहिली ना, गेली! घंटी वाजली अन् उठून उभी झाली. दावं ओढून तोडलं. मी म्हटलं, तुमी गाय घेऊन येऊन राहिले, म्हणून मी काही तिले धरलं नाई. तुरुतुरु चालत गेली बाभळीकडं. मंग मले दिसली नाई.’

उभं राहायची ताकद नसलेली ती पोर. खुंट्याला तुटलेलं दावं तसंच होतं. वाटीतलं दूध तसंच होतं.

शोधली. कंदील घेऊन शोधली, दुसऱ्या दिवशी उजेडात शोधली, खेड्यांत विचारून आलो. बाबांनी पुन्हा अर्ज दिला नाही. देणार तरी काय? काय झालं म्हणून लिहिणार? तांबडी गाय दुसऱ्या कुणाला मिळाली. बाभळीखाली आईनं टोपलं ठेवलं, ते सकाळी भरलेलंच होतं. त्यानंतर घंटी कधी वाजली नाही.

पुढे तिथं रस्ता झाला, क्वार्टरं झाली, झाडं मोठी झाली. लग्न होऊन मी भिलाईतच राहिले, आता स्मृती नगरात असते. त्या रस्त्यानं रिक्षा जाते तेव्हा मी रिक्षावाल्याला उगाच काहीतरी विचारत बसते.

आईनं मात्र तो शब्द टाकला तो टाकलाच. चूल मेली नाही, दार मेलं नाही, मी पुन्हा कधी मेली झाले नाही. मला ती ‘बाळ’ म्हणायला लागली. मला इतकं परकं वाटायचं! वेणी घालताना मी मुद्दाम डोकं हलवायचे, दूध सांडायचे. ती नुसती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘असू दे, बाळ.’ सासरी पाठवतानासुद्धा तिनं मला ‘मेली’ म्हटलं नाही. मी वाट पाहत होते.

शेवटच्या आजारपणात ती माझ्याकडे होती. नीट दिसत नव्हतं, ऐकू मात्र स्वच्छ यायचं. एका संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावून तिच्या खोलीत आले, तर ती उशीला टेकून, मान वर करून बसली होती. कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं इतकं मोकळं हसू तिच्या तोंडावर होतं.

‘आली का वं मेले?’ ती म्हणाली.

माझा जीव असा भरून आला! मी धावत जाऊन तिचा हात धरला. ‘आली, आई,’ मी म्हणाले, ‘आली ना.’

तिनं माझा हात हळूच बाजूला केला. ती दाराकडे पाहत होती.